आठवं घर: नाशिकच्या मांजर दत्तक गटांचा रिव्ह्यू

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. आठवं घर शोधायचं काम नाशिकमध्ये हल्ली व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवरचे गट करतात. त्यांना पाटी नाही, कार्यालय नाही, ठरलेली वेळ नाही. इंदिरानगरच्या फ्लॅटमधली बाल्कनी किंवा जेलरोडच्या रो-हाउसमधली एखादी मोकळी खोली, एवढाच त्यांचा पसारा. मांजर फुकट देतात, पण चौकशी मात्र मुलगी द्यायची असल्यासारखी करतात. एकेका गटाचं नाव घेऊन गुण देण्यात अर्थ नाही, कारण पिल्लू सांभाळणारं फॉस्टर घर बदललं की त्याच गटाचा दर्जा बदलतो. म्हणून हा रिव्ह्यू एकूण सेवेचा आहे: चांगला गट कसा ओळखायचा आणि गाडी कुठे अडते.

आधी निकाल सांगून टाकतो. गट कसा आहे हे पिल्लू हातात देतानाच्या फोटोत कळत नाही, पिल्लू पाच महिन्यांचं झाल्यावर कळतं. त्या सुमाराला ज्यांचा फोन येतो, "नसबंदीची तारीख घेतली का?", तो गट खरा. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे मार्चमध्ये दिलेल्या एका पिल्लाचा विसर पडला, तर वर्षाच्या आतच त्याच घरातून "चार पिल्लं आहेत, कोणाला हवीत का?" असा मेसेज त्याच गटावर येतो. नाशिकच्या बऱ्याच गटांचं घोडं इथेच पेंड खातं. देण्याचा उत्साह दांडगा, पाठपुराव्याला माणूस नाही. जे गट नसबंदी करूनच मांजर देतात, त्यांना आमच्या लेखी पाचात पाच. पिल्लू लहान असेल तर डॉक्टरकडची तारीख आधीच ठरवून, थोडी अनामत रक्कम घेऊन आणि टाके निघाल्यावर ती परत करून काम भागवणारे गट दुसऱ्या नंबरावर. नुसत्या हमीपत्रावर सही घेणाऱ्यांना दोन गुण, तेही चांगल्या हेतूचे.

घेणाऱ्यांकडून दोन सबबी हमखास येतात. पहिली, "एकदा पिल्लं होऊ दे, मग करू." याला वैद्यकीय आधार काही नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो. दुसरी, "आमचा बोका आहे, त्याचं कशाला?" बोक्याचं ऑपरेशन सोपं आणि स्वस्त, कारण पोट उघडावं लागत नाही. ते टाळलं तर सोफ्यावर, दाराच्या कोपऱ्यावर उग्र वासाचे फवारे सुरू होतात आणि तीच सबब सांगून बोका रस्त्यावर सोडला जातो. गटांकडे 'परत घ्या' म्हणून येणाऱ्या मोठ्या मांजरांत असे बोके बरेच असतात.

आता पोस्ट वाचायला शिका. "दीड महिन्याची गोंडस पिल्लं, आजच न्या" अशी पोस्ट दिसली की सावध व्हा. पिल्लू आईपासून आठ आठवड्यांआधी तोडू नये. चौथ्या आठवड्यापासून ते खायला शिकतं खरं, पण नख कधी आत घ्यायचं, चावा किती जोरात घ्यायचा, हे आई आणि भावंडं पुढच्या महिन्यात शिकवतात. एकटं आणि लवकर आणलेलं पिल्लू पुढे माणसाच्या हातावर बोचकारून तेच शिकतं. वयाचा अंदाज वजनावरून घ्या: महिन्याला साधारण ४५० ग्रॅम, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू ९०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. "दोन महिन्यांचं" म्हणून पाचशे ग्रॅमचं पिल्लू दिलं जात असेल तर एकतर वय खोटं आहे किंवा पिल्लू आजारी.

रंगाचीही एक गंमत. नारिंगी मांजरांत पाचातले चार बोके असतात, आणि काळा-नारिंगी-पांढरा अशा तिरंगी मांजरी जवळपास सगळ्या माद्याच. तेव्हा "तिरंगी बोका" असं कोणी लिहिलं असेल, तर त्याने पिल्लाची शेपटी उचलून बघितलेली नाही.

कागद कोणते मागावेत? जंताचं औषध कधी दिलं त्या तारखा, आणि लसीचं पुस्तक. डॉक्टर जिला ट्रायकॅट म्हणतात ती तीन आजारांवरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवडे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची असते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग वर्षाने बूस्टर. "लस झाली आहे" या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा "एक डोस झाला" एवढाच असतो, आणि एका डोसवर पिल्लू सुरक्षित नसतं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती त्या पहिल्या डोसला निष्प्रभ करू शकते, म्हणून तर डोस पुन्हा पुन्हा द्यायचे.

एक प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तोच सगळ्यात मोलाचा: "या फॉस्टर घरात गेल्या पंधरा दिवसांत एखादं पिल्लू दगावलं का?" मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, दोन ते दहा दिवस शरीरात गप्प बसतो, मग उलट्या, हगवण, आणि लहान पिल्लू एक-दोन दिवसांत जातं. हा विषाणू फरशीवर, टोपलीत, चादरीत वर्षभर टिकू शकतो. उन्हाळ्यात चार वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एकाच बाल्कनीत एकत्र ठेवणाऱ्या गटात हाच घात होतो. भद्रकालीतून आलेलं एक पिल्लू सिडकोतून आलेल्या तिघांना घेऊन जातं. चांगला गट नव्या पिल्लाला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवतो, त्याची भांडी वेगळी, आणि त्याचं आवरणं सगळ्यांत शेवटी. जागा नसेल तर "सध्या घेऊ शकत नाही" असं स्पष्ट सांगतो. असा नकार देणाऱ्या गटावर फेसबुकवर चिडून लिहिणारे खूप आहेत. आम्ही त्याला वरचे गुण देतो.

तुमच्याच घरात आधीचं मांजर या आजाराने गेलं असेल तर ते गटाला सांगा, आणि वर्षभर बिनलसीचं पिल्लू आणू नका. फरशी आधी साबणाने धुवायची, कारण घाणीवर ब्लीचचा उपयोग होत नाही, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि ३२ भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ओलं ठेवून पुसायचं. फिनाईल मात्र बंद. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, आणि मांजर फरशीवरून चालून पाय चाटतंच. तीच गत पॅरासिटामॉलची: माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे परमेथ्रिनचे थेंबही तसेच.

आता दुसरी बाजू, म्हणजे पिल्लं सापडल्यावर गटाला फोन करणाऱ्यांची. इथे गटांवर होणारी टीका अर्धी अन्यायाची आहे. वाड्याच्या माळ्यावर, जिन्याखाली, सोसायटीच्या मीटर रूममध्ये पिल्लं दिसली की लोक ती खोक्यात भरून फोन लावतात, "आई नाही, लगेच या." आई बहुतेक वेळा असते, खाणं शोधायला गेलेली असते. जाणकार स्वयंसेवक आधी सांगतो: पिल्लांभोवती पिठाचं बारीक कडं करा, लांब जा, चार-सहा तासांनी बघा. पावलांचे ठसे उमटले असतील, पिल्लं गोल पोटाने झोपली असतील, तर आई येऊन गेली. पिल्लं गार पडली असतील, सतत रडत असतील, डोळे चिकटून पू आला असेल किंवा मुंग्या लागल्या असतील, तर मात्र वाट बघायची नाही. ही चौकशी न करता "घेऊन या" म्हणणारा गट दयाळू वाटतो, पण तो धडधाकट पिल्लांना अनाथ करतो.

खरोखर अनाथ असतील तर पहिले काही तास तुमचेच आहेत, कारण स्वयंसेवक नोकरीवरून सुटून अंबडहून म्हसरूळला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजलं तर ते पचत नाही. बाटलीत गरम पाणी, त्यावर टॉवेल, आणि पिल्लाला त्यापासून सरकायला जागा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा हे विसरलं की रात्रीत खेळ खलास. गाईचं दूध नको, जुलाब लागतात. मांजराच्या पिल्लांची दूधपावडर प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते. दोन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पोटावर, आई जशी पाजते तसं. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने मागची बाजू हळू पुसायची, नाहीतर लघवीच होत नाही. वजन रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. एक दिवस वाढलं नाही तर डॉक्टर.

गटांचा चौकशीचा फॉर्म हा लोकांच्या रागाचा विषय. घर भाड्याचं की स्वतःचं, मालकाची परवानगी, घरातल्या सगळ्यांची संमती, खिडक्यांचा व्हिडिओ, गावी जाताना मांजर कोणाकडे. यातला एकही प्रश्न फालतू नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या खोल्यांत राहणारे विद्यार्थी ऑगस्टमध्ये पिल्लू नेतात आणि मे महिन्यात ते जिन्यात उरतं, हे दरवर्षीचं आहे. विद्यार्थ्यांना सरसकट नाही म्हणणं आम्हाला पटत नाही, पण घरच्यांशी फोनवर बोलल्याशिवाय देऊ नये हे पटतं. आधारची प्रत मागतात तेव्हा पहिले आठ आकडे झाकून द्या; ज्या गटाला तेवढं चालत नाही त्याला प्राण्यांपेक्षा कागदांची हौस जास्त आहे. सोसायटी आडवी येत असेल तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेलं परिपत्रक दाखवा: पाळीव प्राणी ठेवायला सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. आणि पाळलेलं मांजर उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, त्यामुळे या कलमाचा धाक कोणाला वाटत नाही, ते सोडा.

खिडकीचा व्हिडिओ मागणं हे तर आम्ही सक्तीचं करू. नव्या इमारतींत कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावलेली असते आणि घरमालक खुशाल सांगतो, "जाळी आहे ना." ती कबुतर बाहेर ठेवण्यासाठी असते, मांजर आत ठेवण्यासाठी नसते. खालची कड सैल असते, हुक दूरदूर असतात, आणि मांजर एकाच जागी कुरतडत बसतं. डासांची चिकटपट्टीची जाळी तर नखाने एका दुपारी सुटते. ग्रिलमधून पिल्लाचं डोकं जात असेल तर पिल्लू जातं, इतका सोपा हिशेब. बारीक चौकोनाची लोखंडी जाळी ग्रिलला आतून तारेने बांधून घ्या, कडेला दर वीतभर अंतरावर एक गाठ. फॅब्रिकेशनवाला तासाभरात करून देतो.

मांजर घरी आल्यावर काय करायचं, याबाबतीत गटांची माहिती तोकडी पडते. एखादा फॉरवर्ड केलेला मेसेज, संपलं. किमान एवढं हवं: पहिले तीन-चार दिवस एकच खोली, पलंगाखाली लपू द्यायचं, ओढून काढायचं नाही. वाळूचा ट्रे खाण्यापासून लांब, वाळूचा थर पाच ते सात सेंटिमीटर, आणि मांजरं जितकी त्याहून एक ट्रे जास्त. फॉस्टर घरात जी वाळू होती तीच दोन आठवडे वापरा. सुताराकडचा भुसा स्वस्त पडतो, पण केसांना चिकटून घरभर होतो आणि पिल्लं तो खातात. खाणंही आधीचंच ठेवून आठवडाभरात हळूहळू बदलायचं. मोठ्या मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर "रुसलंय" म्हणून बसू नका. जाड मांजराचं यकृत उपासाने बिघडतं. पिल्लाच्या बाबतीत दोन दिवस नाही, अर्धा दिवस. घरात कोणी गरोदर असेल तर मांजर काढायची गरज नाही: विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा परजीवी, संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि तो दुसऱ्याने करायचा. ओरखडा किंवा चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुणं, आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी सरकारी रुग्णालय. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

पर्शियन मांजरांचं वेगळंच प्रकरण. हौसेने आणलेली, मग केसांच्या गाठी, डोळ्यांतून पाणी, आणि घरातल्या मुलाच्या हातावर नायटा उठला की "दत्तक द्यायची आहे". अशी पोस्ट पडली की शंभर जण हात वर करतात, आणि त्याच पोस्टखालच्या देशी पिल्लाला कोणी विचारत नाही. काही गट पर्शियन मांजर मुद्दाम पोस्टच करत नाहीत, जुन्या माहितीतल्या घरी परस्पर देतात. वशिलेबाजी म्हणून ओरड होते, पण कारण रास्त आहे: नसबंदी न झालेली पर्शियन मांजरी फुकट मिळवून तिच्यावर पिल्लांचा धंदा करणारे टपलेले असतात. फसवणूकही याच जातीच्या नावावर चालते. "फ्री अ‍ॅडॉप्शन, फक्त गाडीचं भाडं पाठवा" असा मेसेज आला, क्यूआर कोड आला, की समजा मांजर नाहीच. मांजर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. खरा गट पैसे मागतो ते झालेल्या लसीचे किंवा ऑपरेशनचे, दवाखान्याची पावती दाखवून.

नाशिकचा म्हणून एक खास मार्ग आहे: माणसाला न सरावलेली मांजरं शेतावर पाठवणं. दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडचे द्राक्षबागायतदार उंदरांसाठी मांजर मागतात आणि गटांना मोठ्या मांजराची जागा सुटल्यासारखं वाटतं. इथे आमचं मत कडक आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्यांचा सपाटा असतो, औषध मांजराच्या केसांवर बसतं आणि ते चाटून पोटात जातं. शेडमध्ये उंदरांचं औषध ठेवलेलं असेल तर विष खाल्लेला उंदीर खाऊनही मांजर मरतं. आणि नुसतं सोडून दिलेलं मांजर राहत नाही, जुन्या जागेच्या दिशेने निघतं आणि वाटेत संपतं. द्यायचंच असेल तर नसबंदी करून, घर-गोठ्याजवळच्या बंद खोलीत तीन आठवडे ठेवून, रोज ठरल्या वेळी तिथेच खायला घालून, मग दार उघडायचं. एवढं करणारा शेतकरी मिळतो, पण दहात एक. बाकीच्यांसाठी त्या मांजराची जुनी गल्लीच बरी: सुकट लावून पिंजऱ्यात पकडायचं, पिंजरा पडल्याबरोबर चादरीने झाकायचा म्हणजे ते शांत होतं, ऑपरेशन करून डाव्या कानाचं टोक कापून घ्यायचं, आणि पकडलं तिथेच सोडायचं. कान कापलेला दिसला की तेच मांजर पुन्हा टेबलावर जात नाही. महापालिकेचं नसबंदीचं काम मुख्यतः कुत्र्यांभोवती फिरतं, त्यामुळे मांजरांचा हा खर्च गटांच्या आणि गल्लीतल्या लोकांच्या खिशातून होतो. सेवेला नावं ठेवताना एवढं लक्षात असू द्या.

मोठ्या मांजरांना घर मिळवून देण्यात सगळेच गट कमी पडतात, आणि काळ्या मांजरांना तर अजूनच. आडवं गेलेलं मांजर अजून आपल्या डोक्यातून गेलेलं नाही. खरं तर नोकरी करणाऱ्या जोडप्याला दोन-तीन वर्षांचं, नसबंदी झालेलं, ट्रेला सरावलेलं मांजर पिल्लापेक्षा कितीतरी सोपं. दिवसभर घर रिकामं राहणार असेल आणि पिल्लूच हवं असेल तर दोन भावंडं घ्या.

शेवटी करारातली परतीची ओळ वाचा. "कोणत्याही वयात, कोणत्याही कारणाने मांजर नको झालं तर आमच्याकडेच परत द्यायचं" असं लिहिलेलं असेल तर सही करा. ती ओळ नसेल तर आधी मागून घ्या. आणि गटाला फोन दुपारी करू नका, ती माणसं नोकरीवर असतात. रात्री नऊनंतर मेसेज टाका, त्यात खिडकीचा व्हिडिओ आधीच जोडा. उत्तर लवकर येतं.